लिंझपर्यंतची दोन तिकिटं

प्रभ्या,

काल तुझा दहावा झाला आणि आज सकाळपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. नलू दोनदा म्हणाली, "अहो, बसा की जरा." बसलो, चहा घेतला, लगेच उठलो आणि पुन्हा जेवणाच्या टेबलाशी गेलो. टेबलावर तुझी ड्रॉइंगची शीट पसरली आहे. चार कोपऱ्यांवर चार वाट्या, तू ठेवायचास तशा. एका वाटीखाली रेल्वेची दोन तिकिटं आहेत, झुरिक ते लिंझ, एक तुझ्या नावाचं आणि एक माझ्या. परत होत नाहीत, बदलून मिळत नाहीत, दुसऱ्याच्या नावावर चढत नाहीत. तारीख मे महिन्यातली आहे. जागा शेजारशेजारच्या, खिडकीची तुझी.

काय करू मी ह्यांचं, सांग ना.

काल सगळे पांगल्यावर सुमनवहिनींनी मला आत बोलावलं आणि शीट गुंडाळून ठेवायची तुझी ती काळी प्लास्टिकची नळी हातात दिली, निवृत्त होताना तू ड्रॉइंग ऑफिसातून जवळजवळ पळवून आणलेली. "शरदभाऊजी, हे तुमच्याकडे असू द्या. रविवारी तुम्हाला दाखवणार होते." रविवार उजाडण्याआधीच तू गेलास. कसा गेलास, किती वाजता, कोण होतं जवळ, ते मी इथे लिहीत नाही. दहा दिवसांत ते इतक्यांदा ऐकलं आणि सांगितलं की आता ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं असं वाटतं.

नळी तिथं उघडायचा धीर झाला नाही. बरखेड्यातून चालत घरी आलो, वाटेत आपल्या जुन्या क्वार्टरांवरून. तुझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात कुणाची तरी स्कूटर होती आणि माझ्या क्वार्टरच्या पेरूला पेरू लागलेत. तेव्हा एक लागला नाही मेल्याला.

चौतीस वर्षं आपण एका खोलीत बसलो. तू काढायचास, मी तपासायचो. कारखान्याच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असायच्या: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. मधल्या चौकटीत माझी सही पडली नाही तर कागद कितीही देखणा असो, खाली शॉपमध्ये, यंत्रांपाशी, जायचा नाही आणि लोखंडाला कुणी हात लावायचं नाही. साहेब केबिनमधून ओरडायचे, "अरे भाई, चेकर ने देखा क्या?" आणि तू माझ्या टेबलाशी तोंड वाकडं करून उभा. माझी लाल पेन्सिल तुझ्या डोक्यात जायची. "शऱ्या, तू माणूस आहेस की चाळणी?" असं तू मला सगळ्यांदेखत म्हणाला होतास. पण कितीही घाई असली तरी माझ्या चौकटीला तू कधी हात लावला नाहीस. वहिनी बाळंतपणात दवाखान्यात अडल्या होत्या आणि तू दाराशी चपला घालून उभा होतास, तेव्हासुद्धा नाही. मी शेवटचं माप पडताळेपर्यंत थांबलास, आणि मग पळालास. ती आठवण आता टोचते, कारण मला तेव्हा तुला तसंच सोडता आलं असतं.

युरोपचं खूळही त्याच खोलीतलं. पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनची परदेशी ड्रॉइंग्ज यायची, आपण ती आपल्या शीटवर उतरवायची. त्यांच्या कोपऱ्यात गावाचं नाव, लिंझ, आणि काढणाऱ्याची दोन अक्षरं. बस, एवढंच. पण तू त्या दोन अक्षरांच्या प्रेमात पडलास. "बघ, ह्या माणसाचा हात बघ. एक रेष दोनदा ओढलेली नाही." तो सात काढताना मधून आडवी रेघ मारायचा, तर तूही मारायला लागलास. बँकेत तुझा चेक परत आला, दूधवाल्याने हिशेबाची वही वहिनींच्या पुढ्यात धरली, "भाभीजी, साब से कहिए सीधा लिखा करें," पण तू ती रेघ सोडली नाहीस. रेल्वेच्या इंजिनांच्या मोटारींचे भागही आपण जन्मभर काढले, आणि आपण स्वतः गेलो कुठे? नागपूर, आणि नागपूरहून परत. "एकदा तरी लिंझच्या स्टेशनवर उभा राहीन," असं तू म्हणायचास आणि मी म्हणायचो, उभा राहून काय करशील? तू म्हणायचास, "चहा पिईन."

निवृत्तीनंतर दर रविवारी पोहे-जिलेबीचा पुडा घेऊन मी तुझ्याकडे यायचो आणि टेबलावर युरोप उघडायचा. दुसरी माणसं वहीत लिहितात, पोरांना विचारतात. तू शीट काढलीस. खरीखुरी, कोपऱ्यातल्या तीन चौकटींसकट. झुरिकला विमानातून उतरायचं, तिथून लिंझ, व्हिएन्ना, व्हेनिस, मिलान, पॅरिस. प्रत्येक गाडीची वेळ, फलाट, चढायचा डबा, गाडी बदलायला मिनिटं किती. काढणारा: तू. मंजूर करणाऱ्याच्या चौकटीत तू वहिनींना आणि नलूला सह्या करायला लावल्यास, आणि दोघींनी हसत हसत केल्या. नलूने तर वर लिहिलं, "एकदाचे जा." मधली चौकट माझी होती. ती रिकामी राहिली. पहिल्या शीटवर, दुसऱ्या शीटवर, सातव्या सुधारित शीटवरसुद्धा.

आणि ती रिकामी म्हणून आपण बुकिंग केलं नाही. दोन म्हातारे, पासपोर्ट तयार, बायका राजी, आणि सहल अडली कशावर तर तपासणाऱ्याच्या सहीवर! हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल. आपल्या खोलीतला माणूस मात्र विचारेल, मग सही का नाही केलीस?

तू म्हणायचास, एकेक तिकीट काढायचं. तीन-चार महिने आधी काढलं की स्वस्त पडतं, गाडी ठरलेली, जागा ठरलेली, आपलं नाव त्यावर. मी म्हणायचो, पास घ्यायचा. महिन्याभरात हवे ते सात दिवस, हवी ती गाडी. खिडकीतून एखादं गाव आवडलं तर उतरायचं, दोन तास भटकायचं आणि मागच्या गाडीने पुढे जायचं. तू कपाळाला हात लावायचास. "उतरायचं? कशासाठी? काम काय तिथं?" मी म्हणायचो, प्रभ्या, टॉलरन्सशिवाय भाग बसत नाही हे मी तुला शिकवायचं का? मापात इकडेतिकडे थोडी मोकळीक ठेवावीच लागते. तुझ्या शीटमध्ये ती शून्य आहे. व्हेनिसच्या वाटेवर विलाखला गाडी बदलायला नऊ मिनिटं दिली आहेस, आणि माझे गुडघे तुझ्या मोटारीचे नाहीत.

एम. पी. नगरमधल्या त्या ट्रॅव्हलवाल्या बाईंकडे आपण निवाडा मागायला गेलो ते आठवतं? बाईंनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "अंकल, पास ले लीजिए, पर इटली और फ्रांस की तेज़ गाड़ियों में सीट अलग से लेनी पड़ेगी. बिना सीट के चढ़ने नहीं देंगे." तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू निवडणूक जिंकलास. मग त्या तुला म्हणाल्या, "और अंकल, आपकी गाड़ी छूटी तो टिकट गया समझिए." आपण दोघंही बाहेर पडलो आणि उसाचा रस प्यायलो. तिथंही तू म्हणालास, गाडी सुटेलच कशी, आपण उतरणारच नाही.

आता मी जे म्हणायला नको होतं ते सांगतो. रस पिता पिता मी म्हणालो, "तुझं सगळं आयुष्य सीट राखण्यात गेलं." तू हसला नाहीस. ग्लास खाली ठेवलास. मला तेव्हाच कळलं की तुला काय आठवलं, आणि तरी मी शब्द मागे घेतला नाही.

आमला. दोघंही पंचविशीचे, नागपूरहून परत येत होतो. आमल्याला गाडी थांबली आणि मी भज्यांसाठी खाली उतरलो, तू नको नको म्हणत असताना. भजी तळून होईतो गाडी हलली. मी कागदाचा पुडा धरून फलाटाच्या टोकापर्यंत धावलो आणि तिथंच राहिलो. पुढच्या गाडीने, दारात लटकून इटारसीला पोचलो, तर फलाटावर माझ्या ट्रंकेवर बसलेला तू. तुझं भोपाळपर्यंतचं आरक्षण होतं. ती जागा सोडून तू खाली उतरला होतास, कारण ट्रंक एकटी पुढे गेली असती आणि मी मागे एकटा. नंतर त्याच डब्यात असलेला आपल्या शॉपमधला एक जण हसत सांगायचा की आमल्यापासून इटारसीपर्यंत तू माझ्या जागेवर रुमाल टाकून ठेवला होतास. बैतूलला माणसं चढली, भांडली, एका पैलवानासारख्या माणसाने तुझी गचांडी धरली. तू एवढंच म्हणत होतास, "आ रहे हैं, भाई, आ रहे हैं." जो माणूस मागच्या स्टेशनवर राहिलाय तो चालत्या गाडीत येणार कुठून, हे तुला कुणी विचारलं नाही. भजी गार झाली होती. तू ती सगळी खाल्लीस आणि माझ्याशी पूर्ण रस्ता बोलला नाहीस.

आणि अशा माणसाला मी म्हणालो, तुझं आयुष्य सीट राखण्यात गेलं.

थांब. उठून एक चक्कर मारून आलो. नलू पाहतेय.

सही का केली नाही, ते आता लिहितो. तू हयात असताना लिहिलं नसतं. पास आणि तिकीट हा वाद खरा होता, पण मी तो मुद्दाम धुमसत ठेवला. मला भीती वाटायची, प्रभ्या. घराबाहेर दोन तास काढायचे तर मी आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघतो. भाषा येत नाही. मागच्या वर्षी न्यू मार्केटमध्ये भोवळ आली, ते तुला कळू दिलं नाही. परदेशात कुठल्या तरी फलाटावर मी कोसळलो तर तुझ्यावर ओझं होईन, असं रोज वाटायचं. "मला भीती वाटते" हे तीन शब्द तुला सांगण्यापेक्षा "विलाखला नऊ मिनिटं पुरत नाहीत" हे लाल पेन्सिलने लिहिणं सोपं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या की हे जमतं. तू प्रत्येक वेळी निमूटपणे शीट पुन्हा काढलीस. नऊची एकोणचाळीस मिनिटं केलीस. गुडघ्यांसाठी जिना नसलेला फलाट शोधलास. मी नवी चूक शोधली.

आपलं शेवटचं बोलणं फोनवरचं, गुरुवारचं. "सही करतोस की नाही?" "आधी पास." "मग बस पास घेऊन घरी." तू फोन ठेवलास आणि मला बरं वाटलं, अजून एक आठवडा ढकलला म्हणून. शनिवारी तू नव्हतास.

नळी मी आज सकाळी उघडली. आठवी सुधारित शीट. माझ्या प्रत्येक लाल खुणेभोवती तू नियमाप्रमाणे ढगासारखी नागमोडी रेष काढली आहेस, इथे बदल केला हे दाखवायला. झुरिकला एक रात्र विश्रांती. झुरिक-लिंझ ठळक काळ्या रेषेने, डबा आणि जागांचे आकडे लिहिलेले, सातात आडवी रेघ. माझ्या नावाचं तिकीट काढायला तुला जन्मतारीख विचारावी लागली नाही, ती तुला पाठच होती. आणि लिंझच्या पुढे व्हिएन्ना, व्हेनिस, मिलान, पॅरिस नुसत्या तुटक रेषेने. ना वेळ, ना गाडी.

तुटक रेष मी हजारो वेळा तपासली आहे. कडा आहे, पण ह्या बाजूने दिसत नाही, एवढाच तिचा अर्थ. इथे काय अर्थ लावू? लिंझपर्यंत तुझं तिकीट, पुढे माझा पास, असा तह होता का तो? की तू दमलास? की पुढचं रविवारी भांडून ठरवू म्हणून ठेवलं होतंस? सकाळपासून मी ह्याच एका रेषेभोवती फिरतोय आणि विचारायला कुणी नाही.

मग कोपरा पाहिला. मधल्या चौकटीत सही आहे. तुझी. माझ्या चौकटीत, तुझ्या हातची, ठसठशीत.

मला संताप आला. खरंच आला. काढणाऱ्याने स्वतःच तपासल्याची सही करायची? आपल्या खोलीत ह्याच्याइतकं वाईट काही नव्हतं. मी वहिनींना फोन लावला आणि नमस्कारही न करता विचारलं, "वहिनी, त्यानं माझ्या जागी सही केलीय. तुम्हाला माहीत होतं?"

त्या म्हणाल्या, "हो. गुरुवारी तुमचा फोन झाल्यावर केली, आणि तिकिटंही तेव्हाच काढली. मी म्हटलं, शरदभाऊजी चिडतील. तर म्हणाले, चिडू दे. तो घाबरलाय. त्याच्या सहीची वाट बघत बसलो तर दोघंही इथेच राहू."

म्हणजे तुला माहीत होतं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. माहीत असून तू सात वेळा शीट काढलीस आणि मला माझं नऊ मिनिटांचं सोंग वठवू दिलंस. एकदाही तोंडावर म्हणाला नाहीस. ह्याबद्दल तुझे आभार मानू की तुझ्याशी भांडू, ते मला ठरवता येत नाही.

दुपारी शीट रीतसर तपासली. तासभर लागला. प्रत्येक वेळ रेल्वेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिली. चूक सापडली नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तुझा कागद लाल पेन्सिलीविना पार झाला आणि ऐकायला तू नाहीस. तुझी सही मी खोडली नाही. तिच्याखाली माझी केली.

नलू मागे उभी होती. "जाणार?" "जातो म्हणतो." "एकटे?" मी म्हटलं, तिकिटं दोन आहेत. ती कपाट उघडून माझा स्वेटर शोधायला लागली. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुढच्या आठवड्यात दिल्लीला जायचं आहे. भीती आहे तिथेच आहे, पाय एका जागी ठरत नाहीत. पण लिंझनंतरची तुटक रेष आता माझी आहे. तिथून पास घेईन, वाटेल तिथे उतरेन, आणि तू नको नको म्हणत असशील.

लिंझपर्यंत मात्र तुझंच खरं. माझ्या म्हणण्याप्रमाणे पास घेतला असता तर त्या गाडीत मी मिळेल तिथे टेकलो असतो, आणि तुझ्यासाठी जागाच नसती. तिकिटामुळे ती आहे. फक्त एक अडचण आहे. राखीव जागेवर गाडी सुटल्यावर थोड्या वेळात कुणी आलं नाही, तर दुसरा माणूस बसू शकतो, असा तिथला नियम मी आज वाचला. म्हणून नलूकडून एक रुमाल मागून घेतला आणि पासपोर्टसोबत ठेवला. झुरिकला चढलो की आधी तो तुझ्या खिडकीच्या जागेवर टाकणार. कुणी येऊन विचारेल. त्यांची भाषा मला येत नाही आणि आता शिकणारही नाही. लिंझ येईपर्यंत प्रत्येकाला एकच सांगणार आहे: आ रहे हैं, भाई, आ रहे हैं.

तुझा,
शऱ्या